मिरामार जेवायला आलं

रविवारी दुपारी सव्वाबाराला मिरामार जेवायला आलं.

त्रामोंतानो कुटुंबात असंच बोलत. मिरामार म्हणजे मार देल प्लातापासून तासाभरावरचं, सायकलींनी भरलेलं समुद्रकाठचं साधं गाव. पण या घरात बत्तीस वर्षं तो शब्द एका माणसासाठी राखून ठेवलेला होता. 'मिरामारचं पत्र आलंय.' 'मिरामारचे गुडघे दुखतात म्हणे.' 'नाताळात मिरामारला केक पाठवायचा का?' लोरेन्झा आठ वर्षांची होईपर्यंत तिची समजूत होती की गावांनाही गुडघे असतात. त्या माणसाचं खरं नाव घरात कोणी घेत नसे. घेतलं की काहीतरी पडतं, फुटतं किंवा कोणाला तरी ताप येतो, असं देशभरातले नाटकवाले मानत. आणि हा समज याच घरातून देशभर गेलेला असल्यामुळे घरच्यांना तो पाळणं भाग होतं.

दार निदियाने उघडलं. समुद्रावरून आलेलं धुकं इतकं दाट होतं की समोरची घरं कोणीतरी खोडरबराने पुसून टाकल्यासारखी वाटत होती. त्या पांढऱ्यातून एक पिवळा स्वेटर तिच्याकडे येत होता. आधी स्वेटर पोचला, मग माणूस.

निदिया नाटकाच्या मंडळीत वाढलेली, आता स्वतः निर्माती. नाटकवाल्यांत अपशकुनी मानलेला पिवळा रंग तिच्या थिएटरात शिरत नसे. नकाशातला वाळवंटाचा भागसुद्धा तिने एकदा तपकिरी करून घेतला होता.

"निदिया ना?" म्हातारा म्हणाला. "केवढी झालीस!"

"पन्नासची झाले, काका." आपण 'काका' म्हटलं हे तिच्या उशिरा लक्षात आलं. "तुम्हाला कोणी बोलावलं?"

त्याने खिशातून पोस्टकार्ड काढलं. पुढे समुद्रसिंहांचं चित्र, मागे तिच्या वडिलांचं उजवीकडे कोसळणारं अक्षर: 'रविवारी ये. रावियोली आहे. संध्याकाळी शिंप्याचं दुकान करायचंय. टाचण्या तुझ्या तू आण. ए.'

"आत येऊ?" म्हाताऱ्याने विचारलं. "की तुझ्या घराला आग वगैरे लागायची असेल तर ती बाहेरूनच लावू?"

निदियाच्या गळ्यात दोरीला स्टॉपवॉच लटकत होतं. ती बावरली की ते मुठीत धरत असे. आत्ता तिने ते धरलं.

आजचा दिवस तिने सहा महिने खपून उभा केला होता. एवारिस्तो त्रामोंतानोला रंगभूमीवर येऊन साठ वर्षं झाली, त्याचा सत्कार. संध्याकाळी सातचा खेळ, आठशे खुर्च्या, सगळ्या विकलेल्या. रोसारिओच्या शिंप्याचा मुलगा, आधी फिरत्या सर्कशीत, मग रेडिओवर, मग ब्युनोस आयर्सच्या रंगमंचावर, मग दर बुधवारी देशातल्या प्रत्येक घरातल्या टीव्हीत. तीस उन्हाळे तो इथे मार देल प्लाताला खेळ लावत होता. लोक आधी त्याची तिकिटं काढत आणि मग समुद्र आहे का ते बघत. आजचा पहिलाच अंक 'शिंप्याचं दुकान' होता आणि त्यातल्या नोकराचं काम मंडळीतल्या एका बिनधोक नटाला दिलेलं होतं.

"कोण आलंय?" आतून आत्याचा आवाज आला.

एर्सिलिया आत्या हात पुसत बाहेर आली. सत्तर वर्षांची, निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही कोणाशी बोलताना तिची नजर आधी त्याच्या नखांवर जाई. तिने पाहुण्याच्या गालाचा मुका घेतला, स्वेटरवरचा धागा काढला आणि म्हणाली, "बस वेळेवर आली ना? मी म्हटलंच होतं, सव्वाबारा."

"आत्या, तुला ठाऊक होतं?"

"पोस्टकार्डाला तिकीट कोणी लावलं असेल? तुझ्या बाबांना जीभ कुठे लावायची तेसुद्धा सांगावं लागतं."

*

जेवायला पाच जण बसले. एवारिस्तो टेबलाच्या टोकाला, मानेला रुमाल. वय शहात्तर, पण चेहरा अजून रबरासारखा. साधा पाव मागितला तरी समोरच्याला हसू फुटावं असा. त्याने धाकट्या भावाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "स्वेटर पिवळा आहे."

"मला कोणी थिएटरात घेत नाही," पाहुणा म्हणाला. "मग पिवळा घालायला माझ्या बापाचं काय जातं?"

"बापाचं गेलं असतं," एवारिस्तो म्हणाला. "बाबा पिवळं कापड शिवत नसत."

"शिवत. गिऱ्हाइकाला सांगत नसत."

दोघंही हसले. ते हसू इतकं सारखं होतं की लोरेन्झाने काटा खाली ठेवला. ती निदियाची मुलगी, एवारिस्तोची नात, एकोणीस वर्षांची, मानसशास्त्र शिकत होती. म्हणजे घरातल्या प्रत्येकाला काय झालंय हे तिला ठाऊक होतं. उन्हाळ्यात ती आजोबांना पडद्याआडून संवाद सांगण्याचं काम करी. पाहुण्याला ती जन्मात पहिल्यांदा बघत होती. अंधश्रद्धेवर तिने महाविद्यालयात वीस पानं लिहिली होती. तरी मघाशी त्याने तिच्याकडून मीठ घेतलं तेव्हा तिचा हात आपोआप डाव्या छातीकडे गेला होता. अपशकुन टळावा म्हणून बायकांनी हात तिथेच लावायचा असतो. पुरुषांनी कुठे लावायचा ते छापण्यासारखं नाही. एवारिस्तोने चौसष्ट साली ते टीव्हीवर केलं तेव्हा कोटाच्या आडून केलं, म्हणून ते कौटुंबिक कार्यक्रमात खपलं.

"मिरामारला तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"सायकलींचं पंक्चर काढतो. तो एकच धंदा असा आहे की लोक आधीच अपशकुन होऊन येतात."

"चालतो?"

"बरा चालतो. काही जण दुकानासमोरून जाताना सायकल खांद्यावर उचलून नेतात, तेवढंच."

एर्सिलिया आत्याने सगळ्यांच्या ताटल्यांत पुन्हा रावियोली वाढली. तेवढ्यात फोन वाजला. निदियाने उचलला. पलीकडे दोरिता होती, मंडळीतली मुख्य नर्तिका, आणि ती अशी बोलत होती की सोड्याच्या बाटलीलाही ऐकू जावं.

"तो आत आला तर मी बाहेर. माझ्या बारा मुली बाहेर. वादकसुद्धा बाहेर!"

"कोण तो?" निदिया म्हणाली, जणू ठाऊकच नाही.

"नाव घ्यायला लावू नकोस गं! तालमीसाठी डोक्यावर चार किलो पिसं चढवून बसलेय मी."

निदियाने फोन ठेवला आणि टेबलाकडे वळली. "कोणी सांगितलं तिला?"

लोरेन्झा रावियोली मोजू लागली. "मी फक्त मेकअपवालीला फोनवर म्हटलं की पाहुणे आलेत. गावाचं नावच सांगितलं."

"मिरामार म्हटलंस?"

"मग काय म्हणू? मला दुसरं नावच माहीत नाही!"

हे खरं होतं. पाहुण्याने पावाचा तुकडा रश्शात बुडवला, नीट खाल्ला आणि बोटं पुसली.

"मी सांगतो काय करायचं ते," तो म्हणाला. "मी काम करीन. बिदागी नको, हार नको, माझं नाव फलकावर नको. एकच गोष्ट. शिंप्याच्या दुकानात मालक नोकराला हाक मारतो. पहिल्या दिवसापासून त्या नोकराचं नाव माझंच होतं. ती हाक मारायची. आठशे लोकांसमोर, मोठ्याने. चौसष्टच्या आधी मारायचास तशी."

"मारीन की," एवारिस्तो म्हणाला.

"बाबा," निदिया म्हणाली, "इथे मारा बरं."

"कुठे?"

"इथे. या टेबलावर. फक्त आम्ही आहोत."

एवारिस्तोने तोंड उघडलं. ते तोंड उघडण्यासाठी माणसांनी साठ वर्षं पैसे मोजले होते. ओठ 'अ'साठी विलग झाले, कपाळावर आठी आली, आणि त्याच्या हाताने टेबलाखाली आपली जागा शोधली. सगळ्यांनी बघितलं. तोंड मिटलं.

"घास होता तोंडात," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. पाहुणा उठला, खुर्ची जागेवर नीट सारली. "तीनची बस आहे."

"बस नाही," एर्सिलिया आत्या म्हणाली. "रेडिओवर सांगितलं. धुक्यामुळे पाचपर्यंत रस्ता बंद."

"बघा," निदिया पुटपुटली.

"काय बघा?" आत्याचा आवाज वर्गातला झाला. "समुद्राला धुकं येतं, निदिया. तुझ्या काकाच्या आधीपासून येतं. आणि नीट ऐक. याला आज त्या थिएटरात घेतलं नाहीस, तर साडेसहाला मी तिकीटखिडकीपाशी उभी राहीन आणि याचं नाव चाळीस वेळा ओरडीन. हजेरी घेतल्यासारखं."

निदियाने लोरेन्झाकडे बघितलं. सकाळपर्यंत मुलगी तिच्या बाजूची होती.

"मला वाटतं, आत्याआजी बरोबर आहे," लोरेन्झा म्हणाली आणि घाईने पुढे म्हणाली, "म्हणजे सिद्धांत म्हणून."

*

जेवणानंतर घर झोपलं. या गावात जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, दुपारी साडेतीनला जागं राहणं हे शिष्टाचाराला सोडून असतं. मागच्या अंगणात हायड्रेंजियाची निळी फुलं धुक्यात अर्धवट विरघळलेली होती. दोन आरामखुर्च्यांत दोन भाऊ पडले होते. समुद्र कुठेतरी होता; त्याचा नुसता श्वास येत होता.

धाकट्याला झोप नव्हती. डोळे मिटले की त्याला कापडाचा वास येई. रोसारिओला दुपारी बाबा दुकान अर्धं बंद करत, आणि ही दोघं कापायच्या मोठ्या टेबलाखाली चिंध्यांवर झोपत. टेबलाखालून जग म्हणजे गिऱ्हाइकांचे बूट. एवारिस्तो बुटांवरून माणूस ओळखी आणि त्याचा आवाज काढी. आणि धाकट्याने हसू नये म्हणून त्याच्या ओठांत टाचण्या देऊन ठेवी. पुढे ते दोघं ते सगळं रंगमंचावर घेऊन गेले: तेच टेबल, खाली तोच नोकर, ओठांत त्याच टाचण्या. मालक ओरडतो, नोकर खालून बाहेर येतो, म्हणतो, "आलो, मालक." टाचण्यांमुळे दुसरं काही बोलू शकत नाही. आयुष्यात त्याला एवढा एकच संवाद मिळाला होता. त्याने तो नीट म्हटला होता.

"बाबा खडू शोधतायत," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

"बाबा नाहीत, एवारिस्तो. एकोणपन्नास साली गेले."

"ठाऊक आहे. पण शोधतायत." थोडं थांबून, अगदी जाग्या आवाजात: "तो बुधवार होता."

"मलाही ठाऊक आहे तो बुधवार."

"ती बोलेरो गाणारी आली नाही. गालगुंड झालं होतं तिला."

"माझ्यामुळे."

"तिच्या पुतण्यामुळे. कार्यक्रम चार मिनिटं कमी पडत होता. समोर सगळा देश जिवंत बघतोय, आणि कॅमेऱ्यामागून तो माणूस दोन्ही हातांनी पीठ ताणल्यासारखं करतोय. ताण, ताण. मी तुला हाक मारायला तोंड उघडलं, आणि काही सुचेना. मग तोंडावर हात ठेवला. नाव नको घ्यायला, म्हटलं. मागच्या आठवड्यात दिवा पडला होता तो आठवला. मग कोटाखाली हात. चार मिनिटं भरली."

"मग?"

"मग पुढच्या बुधवारी चॅनेलवाले म्हणाले, तेच करा."

"एवढंच?" धाकट्याने विचारलं.

"एवढंच."

"मला वाटत होतं, मत्सर."

"कसला?"

"त्याच्या आदल्या बुधवारी मला तुझ्यापेक्षा मोठा हशा मिळाला होता. टाचणी जिभेला टोचली आणि मी गिऱ्हाइकाकडे बघितलं तेव्हा."

एवारिस्तोने खरोखर आठवून बघितलं. "मिळाला होता?"

माणसाचं वाटोळं झालं की त्याला निदान कारण तरी भारदस्त असावं असं वाटतं. बत्तीस वर्षं पंक्चरची ट्यूब पाण्यात बुडवताना धाकटा त्या हशावर जगला होता. आपण थोरल्याला जड झालो होतो, म्हणून त्याने आपल्याला पुसलं. यात दुःख होतं पण इज्जतही होती. आता कळत होतं की एका बाईला गालगुंड झालं होतं.

"मत्सर असता तर बरं झालं असतं," तो शेवटी म्हणाला.

"मी करायला हवा होता," एवारिस्तो मनापासून म्हणाला. "टाचण्या आणल्यास?"

"आणल्यात."

"मग मला सांग. मी तुला हाक मारतो. मग?"

"मग मी म्हणतो, आलो मालक."

"मग?"

"मग तू बाही मागतोस."

"कुठली बाही?"

धाकटा हसायला लागला आणि मध्येच थांबला. कारण थोरल्याचा चेहरा हसवत नव्हता. टेबलाखाली बूट ओळखता आला नाही की तो असा दिसे.

"दोन आठवडे झाले," एवारिस्तो म्हणाला. "संवाद एकेक करून जातायत. बाकीच्या अंकांत पोरगी आडून सांगते. निदियाला माहीत नाही. शिंप्याचं दुकान तर सगळंच गेलंय. टेबल दिसतं, तू दिसतोस, पुढे धुकं."

"म्हणून बोलावलंस मला."

"आणखी कोणाला ते येतं?"

"आणि नाव? तेही गेलं?"

"छे," एवारिस्तो म्हणाला. "ते कसं जाईल? घ्यायचं नाही म्हणून रोज लक्षात ठेवावं लागतं."

*

पाचला रस्ता मोकळा झाला, बस सुटली, आणि पिवळा स्वेटर तिच्यात नव्हता. तो स्वयंपाकघरात निदियासमोर उभा होता.

"मी टेबलाखाली जाऊन बसेन," तो म्हणाला. "त्याने नावाने हाक मारली तर बाहेर येईन. नाही मारली तर तिथेच राहीन, पडदा पडेपर्यंत. वाटेल ते झालं तरी. पुढचं तुझं तू बघ."

"हे ब्लॅकमेल आहे, काका."

"नाही गं. हे त्या अंकात लिहिलेलंच आहे. हाक मारल्याशिवाय नोकर येत नाही."

निदियाने स्टॉपवॉच मुठीत धरलं, सोडलं. मग तिने फोन करून दोरिताला सांगितलं की शिंप्याचं दुकान पहिलंच आहे, अकरा मिनिटांचं. ज्यांना भीती वाटते त्यांनी तेवढा वेळ बाहेर उभं राहावं.

म्हणून त्या रविवारी सातला, उजेड असतानाच, मार देल प्लाताच्या लोकांना स्वप्नातलं वाटावं असं दृश्य दिसलं. थिएटरच्या मागच्या गल्लीत, धुक्यात, बारा नर्तिका टिकल्याटिकल्यांच्या कपड्यांत कुडकुडत उभ्या होत्या. ट्रम्पेटवाला ट्रम्पेट कोटाखाली धरून होता. दोरिताच्या डोक्यावरची गुलाबी पिसं ओलसर होऊन हळूहळू वाकत होती. आंघोळीच्या चपला घालून किनाऱ्यावरून परतणारं एक कुटुंब त्यांच्यामधून रांगेने, 'माफ करा, माफ करा' म्हणत गेलं.

आत पडदा उघडला. टेबल, त्यावर निळा कोट, एक बाही नसलेला. एर्सिलिया आत्या तिसऱ्या रांगेत, हातांची घडी घालून. निदिया उजव्या विंगेत, स्टॉपवॉच सुरू. तिच्या पुढ्यात, पडद्याला टेकून, लोरेन्झा संहिता घेऊन.

एवारिस्तो मध्यभागी आला. टाळ्या वाजल्या, खूप वेळ वाजल्या, थांबल्या. तो टेबलाकडे बघत राहिला. लोरेन्झाला आजोबांचा एक डोळा दिसत होता आणि त्यात काहीच नव्हतं. तिने ओठ हलवले, पण तिच्याजवळच्या संहितेत त्या जागी नाव नव्हतंच. बत्तीस वर्षांच्या साऱ्या प्रतींत तिथे फक्त तीन ठिपके होते.

एवारिस्तोचा हात उठला. निदियाला तो हात पाठ होता. आधी तोंडावर, मग कोटाखाली. देशातल्या प्रत्येकाला पाठ होता. पहिल्या रांगेतले लोक आधीच हसायला लागले. हात ओठांपर्यंत गेला, तिथे थांबला, आणि एखादी जड वस्तू ठेवावी तसा सावकाश खाली आला.

"अकीलेस!" एवारिस्तो त्रामोंतानोने हाक मारली.

हसू बंद पडलं. मग निदियाने एक आवाज ऐकला, जो तिने कधी ऐकला नव्हता आणि पुढे कधी ऐकणार नव्हती: आठशे हात एकदम आपापल्या जागी जाण्याची सळसळ. सगळे वर बघत होते, दिव्यांकडे.

काही पडलं नाही.

टेबलाच्या कापडाखालून आधी पिवळी बाही आली. मग म्हातारा, गुडघ्यागुडघ्याने, ओठांत टाचण्यांची रांग. तो उभा राहिला. त्याने शांतपणे वरच्या दिव्याकडे बघितलं. प्रेक्षकांकडे बघितलं. दिव्याला आणखी एक संधी द्यावी म्हणून अर्धं पाऊल त्याच्याखाली सरकला आणि थांबला.

"आलो, मालक."

पहिल्यांदा बाल्कनीत कोणीतरी हसून फुटलं, मग सगळं थिएटर. खुर्च्या करकरल्या. आत्याने डोळे पुसायला घडी सोडली.

हशा ओसरला. आता बाही मागायची होती. एवारिस्तो उभाच. "बाही," लोरेन्झा आडून कुजबुजली. "बाही कुठे आहे." आजोबांनी तिच्याकडे वळून बघितलं. त्यांनी ऐकलं असं तिला वाटलं. मग ते पुन्हा टेबलाकडे वळले.

"अकीलेस!"

अकीलेस समोरच उभा होता. त्याने थोरल्याच्या चेहऱ्याकडे एक क्षण बघितलं. मग गुपचूप खाली वाकून पुन्हा टेबलाखाली गेला आणि पुन्हा बाहेर आला.

"आलो, मालक."

"अकीलेस!"

खाली. वर. "आलो, मालक." प्रत्येक वेळी गुडघे जास्त वेळ घेत होते आणि प्रत्येक वेळी लोक जास्त हसत होते. एवारिस्तो कधी रागाने हाक मारी, कधी गिऱ्हाइकासमोर मारतात तशी गोड, कधी दूरच्या गल्लीत खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तशी. एकदा तर अगदी हळू, टेबलाच्या लाकडाला तोंड लावून, दुपारी दोघांपैकी एकालाच झोप लागली असेल तर मारतात तशी. तेव्हा कोणी हसलं नाही आणि पुढच्या हाकेला सगळे मिळून हसले. सहाव्या-सातव्या हाकेपासून बाल्कनीही सामील झाली. आठशे माणसं ते नाव ओरडत होती, आणि ते ओरडायला त्यांना दोन्ही हात लागत होते.

एवारिस्तो विसरला होता की बत्तीस वर्षं राहिलेल्या हाका देत होता, हे लोरेन्झाला कळलं नाही. तिच्या शास्त्रात त्याला शब्द असणार, पण तो तिने शोधला नाही.

शेवटी अकीलेस वर आला तो टेबलाला धरूनच राहिला. त्याने टाचण्या ओठांतून काढून बाहीवर टोचल्या. थोरल्याच्या मागे जाऊन आपल्या गळ्यातली मापाची फीत त्याच्या खांद्यांवर टाकली, आणि मालकाचे संवाद त्याच्या कानात एकेक करून सांगू लागला. एवारिस्तो ते मोठ्याने म्हणू लागला. अंक पुढे सुरू झाला.

पडद्यानंतर मंडळी गल्लीतून आत आली, ओली, शिंकत.

"संपलं?" दोरिताने विचारलं. पिसं तिच्या कपाळावर आली होती. "काय पडलं?"

"काही नाही."

"मग आम्ही एवढा वेळ का उभ्या? तू अकरा मिनिटं म्हणाली होतीस!"

निदियाने स्टॉपवॉच बघितलं. मग खेळाची नोंदवही उघडली. दर खेळाला उशीर झाला की तो किती आणि का, हे लिहायचा नियम तिचाच होता. तिने लिहिलं: 'पहिला अंक चार मिनिटं लांबला.' तो आकडा आपण घरात कुठेतरी ऐकलाय असं तिला वाटलं, पण आठवेना.

खाली 'कारण' अशी ओळ होती. मंचावरून दोन म्हाताऱ्यांचे आवाज येत होते; एक जण विचारत होता की टाचण्या नेमक्या किती होत्या, आणि दुसरा म्हणत होता, मोजून घे.

'अकीलेस त्रामोंतानो,' निदियाने लिहिलं. डावा हात तिने वहीवर ठेवला होता, पान उडू नये म्हणून. तो तिथेच राहिला.